पाटी आणि वही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भनपुरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. श्रोतृवर्गात मुख्यतः लहान कारखानदार व व्यापारी सभासद होते.)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस विषय दिला तो असा : ‘नववर्षाचे संकल्प आणि आपल्या व्यवसायाचे संकेतस्थळ’. आम्ही केंद्र सरकारचे नोकर. आयुष्यात एक रुपयाचा माल विकलेला नाही, आणि पदवी म्हणाल तर साधी बी. ए. तेव्हा हा विषय आमच्याकडे का यावा असा प्रश्न आपणांस पडला असेल. तो आम्हांसही पडला होता. चिटणीसांचे उत्तर असे की, संकल्प, उद्दिष्टे, लक्ष्ये हा सरकारी कचेरीचा रोजचा व्यवहार आहे, आणि संकेतस्थळेही सरकारने पुष्कळ काढली आहेत. तेव्हा त्या दोहोंचे पुढे काय होते हे आमच्याइतके जवळून दुसऱ्या कोणी पाहिले असणार? या उत्तरात गौरव किती आणि टोमणा किती, हे आम्ही अद्याप ठरवू शकलो नाही. तरी निमंत्रण आनंदाने स्वीकारले.

नववर्ष म्हटले की पहिला प्रश्न, कोणते? आपल्या वाट्यास वर्षातून चार नवी वर्षे येतात. १ जानेवारीचे एक, गुढीपाडव्याचे दुसरे, सरकारचे व आयकराचे १ एप्रिलचे तिसरे, आणि व्यापाऱ्यांचे जिव्हाळ्याचे ते दिवाळीतल्या पाडव्याचे. नव्या वहीवर स्वस्तिक काढावे, हळदकुंकू वाहावे आणि शुभमुहूर्त पाहून पहिली नोंद करावी, ही आपल्या वाडवडिलांची रीत. पूर्वी हिशेबाचे वर्ष ज्याचे त्यास ठरविता येत असे व कित्येक पेढ्या दिवाळी ते दिवाळी हिशेब धरीत. १९८९ पासून आयकरासाठी सर्वांना ३१ मार्च अखेरचे वर्ष धरावे लागते, आणि आता हिशेबही संगणकावर गेल्यामुळे दिवाळीची वही बहुतेक ठिकाणी पूजेपुरती उरली आहे. तथापि जेव्हा ती खरोखर हिशेबाची वही होती, तेव्हा पूजा झालेली वही दुसऱ्या दिवसापासून कोरी ठेवणारा व्यापारी कोणी पाहिला असेल असे आम्हांस वाटत नाही. संकेतस्थळाचे मात्र नेमके तसेच होते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबली जाते, आणि त्यानंतर त्या पृष्ठांकडे कोणी ढुंकून पाहात नाही. याचे कारण, आमच्या मते, आळस हे नव्हे. आपण संकेतस्थळास पाटी समजतो, हे आहे. पाटी रंगाऱ्याकडून एकदा रंगवून घेतली की दहा पावसाळे पाहावे लागत नाही. वही रोज लिहावी लागते.

आता प्रत्यक्ष आपल्या भनपुरीकडे येऊ. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की ही वस्ती येते. लाकडाच्या वखारी, गोदामे, मालमोटारींची रांग, लहानमोठी यंत्रशाळा, आणि पुढे उरला व सिलतऱ्याचे लोखंडाचे कारखाने. येथील माल लांब जातो, परंतु तो बनविणाऱ्याचे नाव गल्लीबाहेर फारसे जात नाही. पूर्वी त्याने काही बिघडत नसे. धान भरडणाऱ्या गिरणीचा मालक येथे येई, कोणाच्या तरी ओटीवर बसून चहा घेई, आणि ‘अमुक वस्तू कोण बनवितो’ असे विचारून दोन घरे पुढे जाई. तो ओटा आता गिरणीमालकाच्या हातातल्या फोनमध्ये गेला आहे. तो विचारतो अजूनही तसेच. फक्त उत्तर देणारा बदलला.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ येथे भातगिरण्यांचे सुटे भाग बनवितात. त्यांचे नाव आम्ही सांगणार नाही. ते आज आलेले नाहीत, पण त्यांचे शेजारी समोर बसून हसत आहेत. शाफ्ट, पुली, धान वर चढविणाऱ्या एलिव्हेटरच्या बादल्या, असे काम. हात सुबक, शब्द पक्का. सुमारे २०१० साली ओळखीच्या एका मुलाकडून त्यांनी संकेतस्थळ करून घेतले. मुलगा हुशार. उघडताच एक दातेरी चाक गरगर फिरे आणि त्यातून दुकानाचे नाव बाहेर येई. त्या वेळी ते पाहण्यास आम्हांसही बोलावणे आले होते आणि सोबत उत्तम बासुंदी होती. पुढे मुलगा नोकरीस बंगळूरला गेला. दुकानाचा ०७७१ चा जुना टेलिफोन त्यांनी परत केला व भ्रमणध्वनी घेतला. चाक मात्र तेथेच फिरत राहिले, आणि काही वर्षांनी तेही थांबले. कारण ज्या ‘फ्लॅश’ नावाच्या साधनावर ते फिरत असे त्याचा पाठिंबा अॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचा काढून घेतला. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री जगातली अशी किती चाके थांबली असतील, कोण जाणे.

छत्तीसगढात धानाची सरकारी खरेदी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते, आणि मग गिरण्या रात्रंदिवस चालतात. अशा ऐन हंगामात धमतरीकडच्या एका गिरणीचा शाफ्ट तुटला. मालकास आपल्या या गृहस्थांचे नाव ठाऊक होते. त्याने फोनवर शोधले. कोरा चौकोन आणि त्याखाली बंद पडलेला क्रमांक, एवढे त्यास मिळाले. त्याने दुसरीकडून काम करून घेतले व पुढील वर्षाचे कामही तिकडेच दिले. आपल्या गृहस्थांस हे कित्येक महिन्यांनी एका लग्नात कळले. गिरणीवाला त्यांस पाहून चकित झाला आणि म्हणाला, “भैया, हम तो समझे आपने काम बंद कर दिया.”

काम बंद केले! तीस वर्षे ज्या लेथपुढे माणूस उभा आहे त्यास हे ऐकावे लागले. त्या वर्षी त्यांनी सहापैकी दोन कारागीर कमी केले. त्यास हे एकच कारण होते असे आम्ही म्हणणार नाही. मंदी होती, उधारी थकली होती. पण आपले दुकान मेले अशी खबर आपलेच संकेतस्थळ देत होते, आणि ती ऐकून गेलेले आणखी किती, याची नोंद कोठेही नाही. संकेतस्थळ नसणे परवडले. नसेल तर मनुष्य निदान शेजारी तरी विचारतो.

आता संकल्पांविषयी. आमच्या खात्यात, किंबहुना सर्वच केंद्रीय कचेऱ्यांत, राजभाषा विभागाचा वार्षिक कार्यक्रम येतो. १९७६ च्या राजभाषा नियमांप्रमाणे देशाचे ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ असे तीन भाग केलेले आहेत. छत्तीसगढ ‘क’ मध्ये, महाराष्ट्र ‘ख’ मध्ये. ‘क’ क्षेत्रातील कचेऱ्यांनी आपसांतील पत्रव्यवहार शंभर टक्के हिंदीत करावा, असे लक्ष्य असते आणि दर तिमाहीस अहवाल जातो. हेतू उत्तम आहे व आम्ही त्याचा आदर करतो. परंतु पत्रे किती गेली हे मोजता येते, वाचणाऱ्यास समजली किती हे मोजण्याचा रकाना नसतो. नोकरीत एवढी वर्षे काढल्यावर आमचे मत असे झाले आहे की, मोजता येते तेवढेच लक्ष्य धरले म्हणजे माणसे मोजण्याची सोय पाहू लागतात.

व्यापारी मंडळींचे संकल्प आम्ही विचारून पाहिले तेव्हा हाच प्रकार आढळला. ‘येत्या वर्षी संकेतस्थळावर दहा हजार माणसे आली पाहिजेत.’ कशास? भनपुरीतल्या यंत्रशाळेस वर्षास चाळीस नवी गिऱ्हाइके मिळाली तर ती तिच्या ताकदीपलीकडची आहेत. दहा हजारांतले नऊ हजार नऊशे बोटाच्या चुकीने आलेले असतात. शिवाय किती माणसे यावीत हे आपल्या हाती नाही. ते शोधयंत्र चालविणाऱ्या परदेशस्थ कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि ती मर्जी मौसमी वाऱ्यासारखी फिरते. संकल्प करावयाचा तो आपल्या हातातल्या कामाचा करावा. शेतकरी पावसाचा संकल्प सोडीत नाही, नांगरणीचा सोडतो.

मग हातातले काम कोणते? सर्वांत आधी, नाव कोणाच्या नावावर आहे ते पाहणे. हे ऐकून काही जण हसले. पण वरील गृहस्थांची कन्या बी. कॉम. होऊन दुकानात बसू लागली आणि तिने दुरुस्ती काढली, तेव्हा तिला हाच पहिला खड्डा लागला. ती आम्हांस म्हणाली, “काका, वेबसाइट आमची, नाव आमच्या आजोबांचे, आणि मालक म्हणून लिहिलाय तो मुलगा!” संकेतस्थळाचे नाव विकत मिळत नाही, ते मुदतीने मिळते, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. मुदत भरली आणि पैसे गेले नाहीत तर काही काळाने ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. त्या मुलाने, त्याचे भले होवो, एका दिवसात सर्व कागद मुलीच्या स्वाधीन केले. सर्वांचे नशीब असे नसते. म्हणून घरी गेल्यावर एवढेच विचारा की, मुदत संपत आल्याची आठवण कोणाच्या ई-पत्त्यावर येते आणि परवलीचा शब्द कोणापाशी आहे. उत्तर ‘त्या पोराला ठाऊक’ असे आले, तर वर्षाचा पहिला संकल्प तुम्हांस मिळाला. जमिनीच्या सातबाऱ्यावर गवंड्याचे नाव आपण चालू देतो काय?

दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेल्या दुकानाचीही हीच गत. गूगलने लहान व्यापाऱ्यांस फुकट संकेतस्थळे करून दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती सर्व बंद केली. फुकट घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. नकाशावरची गूगलची फुकट नोंद प्रत्येकाने जरूर करावी, कारण मालमोटारीचा चालक तीच पाहून येतो. पण आपले एक घर आपल्या नावावर असावे.

यानंतर खरेपणाचे काम. आपली वर्षे कशी पालटत गेली ते पाहा. छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले. मूल्यवर्धित कर आमच्याकडे २००६ मध्ये आला, वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला, लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. या प्रत्येक वेळी दुकानाचे बिलपुस्तक बदलले, कारण त्यावाचून गत्यंतर नव्हते. संकेतस्थळ बदलावे असे कोणी अधिकारी येऊन सांगत नाही. म्हणून तेथे आजही जुना टिन क्रमांक दिमाखाने उभा असलेला दिसतो. खोडाच्या वर्तुळांवरून झाडाचे वय सांगतात, तसे या क्रमांकावरून मालकाने शेवटचे केव्हा पाहिले ते सांगता येते. २०१८ च्या जुलैपासून गूगलचा क्रोम हा न्याहाळक, ज्या संकेतस्थळास सुरक्षित जोडणी नाही त्यावर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारतो. गिऱ्हाइकास त्यातले तंत्र कळत नाही. त्याला एवढेच दिसते की या दुकानाच्या दाराशी धोक्याची पाटी आहे. ही दुरुस्ती करणाऱ्यास अर्ध्या दिवसाचे काम असते आणि कित्येक ठिकाणी ती विनामूल्य होते.

येथे सरकारची एक चांगली गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तशी संधी आम्हांस क्वचित मिळते. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. त्यांत दोन दंडक असे आहेत की ते कोणत्याही दुकानास उपयोगी पडावेत. मजकूर शेवटचा केव्हा तपासला त्याची तारीख पृष्ठावर दिसावी, हा एक; आणि संपूर्ण स्थळाचा भार एका नेमलेल्या अधिकाऱ्यावर असावा, हा दुसरा. सर्व कचेऱ्या हे पाळतात असे शपथेवर सांगण्यास आम्ही तयार नाही. पण जेथे पाळतात तेथे फरक दिसतो. ज्या कामापुढे माणसाचे नाव नाही आणि तारीख नाही, त्या कामाची फाईल कोठे जाऊन बसते हे आम्हांहून अधिक कोणास ठाऊक! आपल्या घरी थोरल्या सुनेच्या, भाच्याच्या किंवा मुनिमाच्या नावे हे काम लावून द्या. महिन्याचा एक दिवस ठरवा. एकादशी धरा, पगाराचा दिवस धरा. त्या दिवशी अनोळखी माणसाच्या फोनवरून आपलेच दुकान शोधावे, आपलाच क्रमांक फिरवावा, आणि कोण उचलतो व काय बोलतो ते ऐकावे. हा प्रयोग करून एक सभासद गेल्या आठवड्यात स्वतःच्याच नोकरावर संतापले, असे कानावर आहे.

आलेली चौकशी वहीत टिपणे हे आम्हांस सर्व संकल्पांत महत्त्वाचे वाटते. कोण, कोठून, काय विचारले, आपण काय सांगितले, पुढे काय झाले. पाच रकाने पुरेत. दोन रुपयांच्या पेन्सिलीने होतात. दिवा मालवण्यापूर्वी प्रत्येक चौकशीस उत्तर गेलेले असावे, मग ते ‘आमच्याकडे हे होत नाही, अमक्याकडे होईल’ असे का असेना. त्या कन्येने ही वही घातली. तीन महिन्यांनी तिला दिसले की, विचारणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक एकच गोष्ट विचारतात : जुना मोडका नग पाठविला तर त्याबरहुकूम नवा करून मिळेल काय, आणि किती दिवसांत? हे काम ती मंडळी तीस वर्षे करीत आली होती, आणि संकेतस्थळावर त्याचा एक शब्द नव्हता. तेथे ‘गुणवत्ता हेच आमचे ध्येय’ असे होते, आणि कोणा गोऱ्या साहेबांचे टाय लावलेले हसरे छायाचित्र होते. तिने साहेबांस निरोप दिला. त्यांच्या जागी वडिलांचे लेथपुढचे छायाचित्र लावले आणि खाली लिहिले की, नमुना मालमोटारीने पाठवा, मापे घेऊन त्याच दिवशी दर कळवू. वडील प्रथम रागावले. त्यांचे म्हणणे, फोटोत सदऱ्याला तेल लागले आहे. ती म्हणाली, “बाबा, ते तेलच बघायला येतात माणसे.”

व्यवसायाने स्वतः लिहावे, लोकांस उपयोगी लिहावे, हा विचार संगणकाबरोबर आला असे तरुणांस वाटते. इंटरनेट आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. मराठी माणसाने मात्र हे काम त्याच्या पाऊणशे वर्षे आधी करून दाखविले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना वसविला. लोखंडी नांगर विकणे त्या काळी सोपे नव्हते; लोखंडाने जमिनीस विष चढते असे शेतकऱ्यांस वाटे. अशा गिऱ्हाइकाशी नुसत्या जाहिरातीने बोलता येत नाही, त्याच्याशी सतत बोलावे लागते. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली कारखान्याची खबर गिऱ्हाइकांस व विक्रेत्यांस कळविणारे एक छोटे पत्रक सुरू केले. त्याचे नाव ‘किर्लोस्कर खबर’. सांप्रत ज्यास ब्लॉग किंवा अनुदिनी म्हणतात, तेच हे; फक्त ते टपालाने जाई. त्याचे १९२९ मध्ये ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्यामागून १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले, आणि मराठी घराघरांत त्यांनी काय केले हे या सभेतील वडीलधाऱ्यांस आम्ही सांगावयास नको. आरंभी कोणी मराठी विचारविश्व हलविण्याचा संकल्प केला नव्हता. कारखान्याची खबर वेळेवर पोचवावी, एवढाच होता.

दुसरे उदाहरण या मातीतले आहे आणि ते अधिक चटका लावणारे आहे. जानेवारी १९०० मध्ये, नवीन वर्षाच्या आरंभीच, माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. रामराव चिंचोलकर सहसंपादक, वामनराव लाखे प्रकाशक. तिन्ही नावे आपलीच. छपाई प्रथम रायपुरास व पुढे नागपुरास होई. टिळकांच्या गीतारहस्याचे हिंदी भाषांतर पुढे याच सप्र्यांनी केले. मासिक गुणाने इतके सरस की हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे स्थान आज पक्के आहे. पण ते तीनच वर्षे चालले. वर्गणीदार पुरेसे नव्हते, पैसा आटला, आणि १९०२ च्या अखेरीस ते बंद झाले. खबरेच्या पाठीशी कारखाना होता. मित्राच्या पाठीशी तीन माणसांची तळमळ होती. संकल्प करताना वर्षाचा खर्च लिहून मग संकल्प लिहावा, हे आम्ही सप्र्यांच्या उदाहरणावरून सांगतो तेव्हा त्यांचे श्रेय यत्किंचितही कमी करीत नाही. बारा महिन्यांत बावन्न लेख लिहिण्याची प्रतिज्ञा करणारा मार्चमध्ये थकतो. महिन्यास एक लिहा. ‘सागवान ओले की सुके हे कसे ओळखावे’, ‘पट्टा वारंवार का तुटतो’, असे काहीही. जे गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारते तेच. वखारवाल्यांस हे ज्ञान इतके अंगवळणी पडलेले आहे की ते ज्ञान आहे हेच त्यांस उमगत नाही.

सप्र्यांचे आणखी एक ध्यानात घेण्याजोगे. घरात मराठी असून त्यांनी मासिक हिंदीत काढले, कारण वाचणारा हिंदी होता. आपल्या मंडळात आपण मराठी जपतो, जपलीच पाहिजे. परंतु भनपुरीतल्या दुकानाचे गिऱ्हाईक बेमेतऱ्याचे किंवा महासमुंदचे असेल तर त्याच्याशी हिंदीत बोलावे, आणि जमल्यास दोन वाक्ये छत्तीसगढीत. आपली स्थळे मात्र बहुधा इंग्रजीत असतात, आणि तीही अशा इंग्रजीत की इंग्रजासही कळू नये. कित्येकांनी हिंदी मजकूर घातला आहे, पण तो जुन्या कृतिदेव टंकात बसवून त्याचे चित्र लावले आहे. चित्रातले अक्षर शोधयंत्रास सहजी सापडत नाही, आणि तो मजकूर चित्र न करता तसाच उतरविला तर पडद्यावर निव्वळ गबाळ दिसते. युनिकोडमध्ये टंकलेले एक साधे वाक्य त्याहून अधिक काम करते. २०१४ पासून तर ‘डॉट भारत’ या देवनागरी पत्त्यावर संकेतस्थळाचे नावही आपल्या लिपीत घेता येते. ते घेतलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. पत्रव्यवहारात अजून त्याच्या अडचणी आहेत. सोय आहे एवढे ठाऊक असावे.

काही मंडळी म्हणतात, व्हॉट्सअॅप आहे, मग हा खटाटोप कशास? व्हॉट्सअॅपवर बोलणे उत्तम होते, ओळखीच्याशी. अनोळखी माणसाने तुम्हांस शोधावे कसे, हा आमचा प्रश्न आहे. उलटपक्षी, ज्यांचा सगळा माल वर्षानुवर्षे एकाच मोठ्या कारखान्यास जातो व पुढेही जावयाचा आहे, त्यांनी संकेतस्थळाच्या भानगडीत पडू नये. त्या पैशात शेडवरचा पत्रा बदलावा. सर्वांनी सर्व केले पाहिजे असे नाही, आणि आमच्यासारख्या भाषण करणाऱ्याचे ऐकून तर मुळीच करू नये.

आता त्या दुकानाचे काय झाले, असे मघापासून काही जणांच्या चेहऱ्यावर दिसते आहे. धमतरीचा गिरणीवाला परत आलेला नाही. कमी केलेल्या दोघा कारागिरांपैकी एक परत आला आहे, दुसरा उरल्यास लागला आणि तेथे सुखी आहे. चौकशीची वही सुरू आहे. तीत गेल्या महिन्यात गोंदियाहून आणि ओडिशातल्या बरगढहून आलेल्या नोंदी आम्ही स्वतः पाहिल्या. त्यातल्या किती जमल्या असे विचारले तेव्हा वडिलांनी हात हलविला आणि कन्येने आकडा सांगितला. तो घरचा आकडा असल्याने आम्ही येथे सांगत नाही. येत्या वर्षासाठी तिने भिंतीवर कागद लावला आहे. त्यावर चारच ओळी आहेत : नावाची मुदत पाच वर्षांनी वाढविणे, प्रत्येक चौकशीस त्याच दिवशी उत्तर, महिन्यास एक लेख, बाबांनी सांगायचा व तिने लिहायचा, आणि पाडव्यास सर्व दर तपासणे. प्रत्येक ओळीपुढे कोणाचे तरी नाव आहे. तिसऱ्या ओळीपुढे वडिलांचे नाव पाहून आम्ही त्यांस विचारले की लेखाचे जमते आहे काय. ते म्हणाले, “साहेब, पहिला झाला. बोलायला लागलो तर ती म्हणते, थांबा, हे पुढच्या महिन्याला ठेवू.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. चहा तयार असल्याचे चिटणीस खुणेने सांगत आहेत. ती कन्या मागच्या रांगेत आहे. ज्यांस आपल्या स्थळाच्या नावाची मुदत केव्हा संपते हे पाहावयाचे असेल त्यांनी चहाचा पेला घेऊन तिच्याकडे जावे, ती फोनवर दाखवील. वखारवाल्यांनी आधी जावे, कारण त्यांची दोन नावे याच जानेवारीत संपतात, असे तिने आत्ताच आम्हांस चिठ्ठीने कळविले आहे.